शेंडा आणि डोळे

इंग्रजीतील मजकूर मराठीत उतरविणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. धरणे, लसी, बचतीच्या योजना, बालसंगोपन, मधमाश्या असे नाना विषय टेबलावरून जातात आणि जाताना एखाद-दुसरा शब्द मागे ठेवून जातात. गेल्या पावसाळ्यात वृक्षांच्या वाढीवरील एक लेख माझ्याकडे आला. त्यात झाडाच्या सर्वांत वरच्या, सरळ उभ्या कोंबाला ‘लीडर’ म्हटले होते. वनशास्त्रात हा शब्द रूढ आहे. कोशाप्रमाणे त्याचे ‘पुढारी’ करावे, तर वाचकांना हसू आले असते. ‘अग्रणी’ करावे, तर झाडाच्या हाती निशाण दिल्यासारखे झाले असते. अखेर आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचा ‘शेंडा’ हाच शब्द कामी आला. त्याचप्रमाणे खोडावर ज्या जागी नवी फूट दडलेली असते, तिला आपला माळी ‘डोळा’ म्हणतो. उसाचा डोळा, बटाट्याचा डोळा, गुलाबावर भरलेला डोळा. हे दोन शब्द हाती आले आणि लेखाचे भाषांतर एका दुपारी संपले. विषयाने मात्र माझी पाठ सोडली नाही, कारण तो आमच्या घरात फार पूर्वीपासून नांदत होता.

माझे वडील बल्लारपूर येथे लाकडाच्या एका वखारीत हिशेबनीस होते. आलापल्लीकडील जंगलांतील साग त्या भागात येतो. शाळेला सुटी असली की आम्ही भावंडे वखारीत जात असू. ओंडक्याच्या एका टोकाशी उकिडवे बसून, एक डोळा मिटून, बाबा त्याचा सरळपणा पाहत. ओंडक्याची किंमत त्याच्या जाडीवर जितकी ठरते, तितकीच त्याच्या सरळपणावर आणि त्यातील गाठींवर ठरते, हे मला वजाबाकीच्या आधी ठाऊक झाले होते. ‘सरळ लाकूड सरळ शेंड्यातून येतं,’ असे बाबा म्हणत. त्यांचे शिक्षण मॅट्रिकपुढे झालेले नव्हते. पण या वाक्यात वनस्पतिशास्त्राचे एक प्रकरण सामावले आहे, हे मला त्या भाषांतराच्या वेळी कळले.

सरळ शेंड्यातून झाड कसे घडते, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. दिल्लीत फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर फुलते. उत्तरेत तिला सेमल म्हणतात. संस्कृतातील शाल्मली ती हीच. त्या दिवसांत झाडावर पाने नसतात, त्यामुळे त्याचा सांगाडा स्वच्छ दिसतो. एकच खोड जमिनीतून निघून थेट आकाशाकडे गेलेले. त्यावर जवळजवळ एकाच उंचीवर चहूदिशांना आडव्या पसरलेल्या फांद्या. मग काही अंतर मोकळे खोड. पुन्हा फांद्यांचे एक चक्र. खालच्या फांद्या लांब, वरच्या आखूड. देवळापुढील दीपमाळेची आठवण व्हावी, अशी ही मांडणी असते. शेंडा काही काळ वर जातो, थबकतो, आपल्याजवळच्या काही डोळ्यांना फुटू देतो आणि पुन्हा वर निघतो. म्हणून सर्वांत खालची फांदी वयाने सर्वांत वडील आणि सर्वांत वरची सर्वांत धाकटी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. झाड रबरासारखे ताणले जाऊन उंच होत नाही. उंची वाढते ती केवळ शेंड्याशी. खालचे खोड फक्त जाड होत जाते. जमिनीपासून चार फुटांवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही चार फुटांवरच सापडतो. आमच्या परसात एक कडुनिंब आहे. दादा दहा वर्षांचा असताना त्याने त्यावर चाकूने आपल्या उंचीची आडवी रेघ कोरली होती. पुढे मी त्या रेघेशी उभी राहून माझी उंची पाहिली आणि माझ्यानंतर धाकट्या बहिणीने पाहिली. झाड घराच्या कौलांवर गेले. रेघ जागच्या जागी राहिली, मात्र सालीबरोबर रुंदावत गेली.

सर्वच झाडे या रीतीने वाढत नाहीत. निसर्गाकडे घर बांधण्याचे अनेक नकाशे आहेत. फ्रान्सिस हाले, ओल्डेमान आणि टॉमलिन्सन या तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उष्ण प्रदेशांतील वृक्षांच्या वाढीचे २३ आराखडे वर्णिले आहेत. चाफ्याचा शेंडा फुलांत संपतो आणि त्याच्या खालून दोन-तीन नव्या फांद्या निघतात. त्या संपल्या की त्यांच्याखालून पुन्हा नव्या. म्हणून चाफ्याला मुख्य असे खोड शोधूनही सापडत नाही. वड तर पारंब्या सोडून एका खोडाची अनेक खोडे करतो. याच्या दुसऱ्या टोकाला नारळ. त्याला एकच शेंडा असतो आणि फांदी अशी नसतेच.

साग या दोहोंच्या मधला. बालवयात तो एका खोडाचे व्रत कसोशीने पाळतो. पण मुख्य शेंड्यावर पहिल्याने फुलोरा आला की त्या शेंड्याची वाढ तेथेच थांबते आणि खालच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या निघून खोडाला बेचके पडते. म्हणून साग जितका उशिरा फुलेल, तितका त्याचा सरळ सोट लांब. वनखाते सागाची रोपे सहा-सहा फुटांवर दाट लावते, त्यात हेच धोरण असते. दाटीत बाजूच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळून गळतात आणि शेंडा प्रकाशासाठी वर धाव घेतो. पुढे विरळणी करून निवडक झाडे राखतात. केरळात नीलांबूर येथे १८४०च्या दशकात सागाची लागवड झाली, तेव्हापासून आपल्याकडे ही विद्या चालत आली आहे.

परंतु मला अधिक कुतूहल होते ते निराळ्याच प्रश्नाचे. पानापानाच्या बगलेत एक डोळा असतो. मग ते सगळेच डोळे एकदम का फुटत नाहीत? त्यांना थोपवून कोण धरते?

याचे उत्तर सापडावयास शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे लागली. १९३३ साली कॅलिफोर्नियात थिमन आणि स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले. अपेक्षेप्रमाणे बाजूचे डोळे फुटू लागले. मग काही रोपांच्या कापलेल्या जागी त्यांनी शेंड्यात तयार होणारा वाढीचा रस, म्हणजे ऑक्सिन, लावून पाहिला. शेंडा नसतानाही त्या रोपांचे डोळे मिटलेलेच राहिले. शेंडा हा रस खोडातून खाली पाठवितो आणि त्याच्या अमलाखाली डोळे निजून राहतात, असा त्याचा अर्थ. २००८ साली स्ट्रिगोलॅक्टोन या दुसऱ्या द्रव्याचे कार्य उमगले. मुळांतही तयार होणारे हे द्रव्य वर जाऊन फांद्या फुटण्यास आळा घालते. पुढे २०१४ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. शेंडा कापताच डोळे जागे होतात, त्याचे पहिले कारण ऑक्सिनचा अभाव हे नसून साखर हे आहे. वाढता शेंडा झाडातील साखर आपल्याकडे ओढून घेतो. तो गेला की ती साखर डोळ्यांच्या वाट्यास येते आणि ऑक्सिन कमी होण्याच्या आधीच ते हलू लागतात.

आपल्या शेतकऱ्याला हे कारण माहीत नव्हते, पण परिणाम माहीत होता. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड डेरेदार होते आणि घाटे अधिक धरतात. आसामातील चहा मोकळा सोडला, तर तीस-चाळीस फुटांचा वृक्ष होतो. वारंवार छाटून आणि दोन पाने व एक कळी खुडत राहूनच त्याचे कमरेएवढे झुडूप राखलेले असते. आणि हे सर्व दूर राहो, घरोघरी तुळशीच्या मंजिऱ्या खुडणाऱ्या बायका हेच शास्त्र पाळत आल्या आहेत.

साखरेचा तो प्रयोग वाचताना मी बराच वेळ थांबले होते. आमच्या घरचा शेंडा दादा होता. हे मी तक्रारीने सांगत नाही. मध्यम स्थितीतील पुष्कळ घरांत असेच असते. घरातील एकुलते एक टेबल त्याचे, पंख्याखालची जागा त्याची, सकाळचा दुधाचा पेला त्याचा. २००६ साली बाबा गेले, तेव्हा दादा पदविकेचा अभ्यास करीत होता. त्याची फी भरता यावी म्हणून माझा क्लास बंद झाला. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण दादा वर गेला की आम्ही सर्वच वर जाऊ, असे आम्ही धरून चाललो होतो. दादाही ते ओझे हसतमुखाने वाहत असे. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात त्याने माझ्यासाठी एक मोठा शब्दकोश आणला. तो आजही माझ्या टेबलावर आहे.

२०१०च्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने दादा गेला. तो पंचवीस वर्षांचा होता. मी तेव्हा बी. ए. च्या शेवटच्या वर्षात होते आणि धाकटी बहीण तेरा वर्षांची होती.

त्या दिवसांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. ज्यांच्या घरी असे घडले आहे, त्यांना सांगावयास नको. एक गोष्ट मात्र स्पष्ट आठवते. महिना-दीड महिना झाला असेल. आई एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, “लाइटबिलाची तारीख कोणती गं?” हा प्रश्न तोवर तिने मला कधी विचारला नव्हता. पूर्वी ती बाबांना विचारी, मग दादाला विचारू लागली होती. मी उठून कपाटातील कागद काढले आणि तारीख सांगितली. त्यानंतर शिधापत्रिका, पोस्टाचे पुस्तक, घराच्या कराची पावती अशी एक एक वस्तू माझ्या हाती येत गेली. पदवी घेऊन, पुढे परीक्षा देऊन मी दिल्लीस आले, तेव्हा लोकांनी माझ्या हिमतीचे कौतुक केले. मला त्यात हिंमत अशी दिसत नाही. वरची जागा रिकामी झाली होती आणि मी तिच्या सर्वांत जवळ होते, इतकेच.

२०१९ साली कामानिमित्त शिमल्यास जाण्याचा योग आला. तेथील देवदारांच्या रांगेत एका झाडाचे खोड माणसाच्या दुप्पट उंचीवर एकाएकी बाजूला वळून, कोपरासारखा बाक घेऊन पुन्हा सरळ वर गेलेले होते. बरोबरच्या वनरक्षकाने सांगितले की, कोवळ्या वयात बर्फाने त्याचा शेंडा मोडला असावा. अशा वेळी वरच्या चक्रातील एखादी फांदी हळूहळू उभी होऊ लागते. सूचिपर्णी झाडांत अशा फांदीच्या खालच्या अंगाला निराळे, दाट लाकूड बनते आणि ते तिला खालून वर रेटते. रुंद पानांच्या बहुतेक झाडांत वरच्या अंगाचे लाकूड तिला वर ओढून घेते. या कामाला काही वर्षे लागतात. मग ती फांदी खोड होते, तिला स्वतःच्या फांद्या फुटतात आणि दुरून पाहणाऱ्याला झाड अखंड वाटते. जवळ गेल्यावर मात्र बाक दिसतो. तो बाक मी बराच वेळ पाहत उभी होते.

नारळाला अशी सोय नाही. गेंड्या भुंग्याने पोखरून किंवा रोगाने त्याचा एकुलता एक कोंब मेला, तर उंच, निरोगी दिसणारे झाड काही महिन्यांत उभ्या उभ्या संपते. कारण त्याच्यापाशी राखून ठेवलेला दुसरा डोळा नसतो. देवदार वाचतो, आंबा वाचतो, छाटलेला कडुनिंबही पुन्हा फुटतो, तो या राखीव डोळ्यांच्या बळावर. म्हणून मला असे वाटू लागले आहे की, एका खोडाच्या झाडाची खरी पुंजी त्याच्या शेंड्यात नसते. ती त्या निजलेल्या, पण जिवंत असलेल्या डोळ्यांत असते. शेंड्याला साखर द्यावीच लागते. पण डोळे वाळू दिले, तर त्या झाडाचा नारळ होतो. आमच्या घरात एका टेबलाची तंगी होती, तरी आईने माझी शाळा कधी चुकू दिली नाही. मी जिवंत डोळा राहिले, ते तिच्यामुळे.

येथवर विचार येऊन थांबला असता, तर तो सोयीचा झाला असता. परंतु गेल्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीचा प्रश्न उभा राहिला. ती चंद्रपुरास एका बालवाडीत शिकविते. आईची इच्छा होती की तिनेही माझ्याप्रमाणे दिल्लीस यावे, क्लास लावावा, स्पर्धापरीक्षा द्यावी. त्यासाठी मी काही रक्कम बाजूला टाकली होती. बहिणीला मात्र बालशिक्षणाचा रीतसर अभ्यासक्रम पुरा करून तेथेच राहावयाचे होते. “ताई, मला तुझ्यासारखं व्हायचं नाही,” ती म्हणाली, “पण म्हणून मी मागे राहिले, असं तुम्ही दोघी का धरता?”

तिला उत्तर देण्याआधी मला कॉफीचे झुडूप आठवले. कोडगू आणि चिकमगळूर भागांत कॉफी एका खोडावर वाढवितात आणि अडीच-तीन फुटांवर तिचा शेंडा कापतात. या झुडपाचे दोन प्रकारचे कोंब असतात. उभे कोंब उभेच वाढतात, आडव्या फांद्या आडव्याच. आडव्या फांदीचे कलम लावले, तर ते रोप कधी सरळ उभे राहत नाही, जन्मभर आडवेच पसरते. म्हणून कलमासाठी उभा कोंबच घ्यावा लागतो. तेव्हा प्रत्येक फांदीला खोड करता येते, हे काही खरे नव्हे. देवदाराची फांदी वळते, कॉफीची वळत नाही. पण कॉफीची फळे धरतात, ती त्या आडव्या फांद्यांवर. बागाईतदार खोड राखतो, ते फांद्यांसाठीच. आणि मध्येच फुटणारे उभे कोंब तो वरचेवर काढून टाकतो.

बाबा वखारीत आम्हाला गाठी ओळखावयास शिकवीत. लाकडातील गाठ म्हणजे खोडाने जाड होताना पोटात घेतलेले फांदीचे मूळ. फांदी जिवंत असताना खोडाने तिला वेढले असेल, तर दोघांचे तंतू एकमेकांत मिसळतात आणि ती गाठ फळीत घट्ट राहते. फांदी आधीच मेलेली असेल, तर तंतू जुळत नाहीत. फळी वाळली की गाठ निखळते आणि भोक पडते. बाबा अंगठ्याने गाठ दाबून पाहत आणि मग वहीत आकडा लिहीत. घरातील माणसांविषयी ते कधी असे बोलले नाहीत. तो त्यांचा स्वभाव नव्हता. परंतु ज्या बहिणीला मी माझ्या इच्छेने उभी करू पाहत होते, ती आमच्या घराला कोणत्या प्रकारची गाठ होऊन राहणार, हे ठरविण्याची वेळ आली होती, एवढे मला दिसत होते.

मी आईला दूरध्वनी केला. कॉफीचे झुडूप तिने पाहिलेले नाही, म्हणून तुळशीवरून सुरुवात केली. ती ऐकत होती. मंजिऱ्या खुडल्यावर तुळस खाली कशी भरते, हे तिला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. दादाचे नाव आम्ही दोघींनीही घेतले नाही. “ती उंच नाही गेली तर?” तिने मध्येच विचारले. मी म्हणाले, “आई, तिच्या बालवाडीत तीस मुलं येतात.” काही वेळ पलीकडून केवळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग आईने विचारले, “त्या अभ्यासक्रमाची फी किती असते?”

मी आकडा सांगितला. तो क्लासच्या निम्म्याहूनही कमी होता.

“पोस्टातल्या ठेवीची मुदत मार्चमध्ये संपते,” आई म्हणाली. “तोवर थांबायला सांग तिला. आणि तू जे पैसे ठेवलेस, ते तूर्त मोडू नकोस.”